नाशिकची ट्राम प्लेगने बंद पडली नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे: नाशिकमध्ये खरोखर ट्राम होती का, ती कुठून कुठे जायची, आणि दुष्काळ-प्लेगमुळे तोट्यात जाऊन बंद पडली असं जे सगळीकडे लिहिलेलं असतं ते कितपत पटतं? त्याला जोडून विचारलंय की ट्रामचा इंजिनिअर एव्हरार्ड कॅलथ्रॉप, त्याचीच बार्शी लाइट रेल्वे इतकी वर्षं टिकली, मग ही चाळिशीतच का गेली? माझी नोकरी रेल्वेच्या पी-वे खात्यात, म्हणजे रूळ, स्लीपर आणि गिट्टीतच गेली. आता निवृत्त होऊन नाशिकरोडला राहतो. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

हो, ट्राम होती. १८८९ च्या सुमारास बांधलेली, अडीच फुटी गेजची, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर ७६२ मिलिमीटर. एक टोक मेनरोडवरच्या जुन्या महापालिकेच्या इमारतीपाशी आणि दुसरं नाशिकरोड स्टेशनात. अंतर आठ ते दहा किलोमीटर. सुरुवातीला दोन डबे आणि ते ओढायला चार घोडे. १९३१ ते १९३३ च्या दरम्यान ती बंद झाली. म्हणजे आयुष्य बेचाळीस ते चव्वेचाळीस वर्षांचं.

बरेच जण पुरावा म्हणून नाशिक जिल्ह्याचं जुनं गॅझेटियर उघडतात, त्यात ट्राम सापडत नाही आणि मग 'ही सगळी दंतकथा' असं ठरवून मोकळे होतात. ते गॅझेटियर १८८३ चं आहे. ट्राम त्यानंतर सहा वर्षांनी आली, तर त्यात असणार कुठून?

आता मुळापासून बघू. स्टेशन शहरापासून इतकं लांब का? जीआयपी, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची (आजच्या मध्य रेल्वेची पूर्वज) लाईन मुंबईहून निघाली १८५३ मध्ये, पण थळ घाटाने तिला बराच काळ अडवून धरलं. गंमत म्हणजे घाटावरचा इगतपुरी-नाशिक तुकडा १८६१ मध्येच सुरू झाला आणि कसारा-इगतपुरी घाट पुरा झाला १८६५ मध्ये. म्हणजे चार वर्षं वरची गाडी वर आणि खालची खाली, मधला घाट रस्त्याने. घाटात ३७ ला १ चढ, म्हणजे ३७ फूट पुढे गेलं की एक फूट वर. इतकी यातायात करून वर आलेल्या कंपनीला इगतपुरीहून मनमाड-भुसावळकडे सरळ जायचं होतं. उत्तर हिंदुस्थानात जाणाऱ्या मुख्य लाईनला एका तीर्थक्षेत्रासाठी वळसा घालायला कोणता इंजिनिअर तयार होईल? मी त्या जागी असतो तर मीही घातला नसता. लाईन आग्नेयेकडून निघून गेली आणि स्टेशन जंगलात पडलं. आजचं बिटको, दत्तमंदिर, उपनगर डोळ्यांसमोरून काढून टाका. शहर आणि स्टेशन यांच्यामध्ये तेव्हा दाट झाडी होती, आणि रात्रीच्या गाडीने उतरणाऱ्या यात्रेकरूला टांगा मिळाला तर मिळाला.

या यात्रेकरूंच्या भरवशावर ट्राम उभी राहिली. तिचा सल्लागार इंजिनिअर एव्हरार्ड कॅलथ्रॉप. हा गृहस्थ १८८२ मध्ये जीआयपीत लोको इन्स्पेक्टर म्हणून हिंदुस्थानात आला. मुख्य लाईनला बाजूच्या गावांतून छोट्या लाईनी आणून जोडल्या तर दोघांचाही धंदा वाढेल, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं. माणूस हरहुन्नरी. पुढे पहिल्या महायुद्धाच्या काळात त्याने वैमानिकांसाठी पॅराशूट बनवलं, आणि अरबी घोड्यांचा त्याला एवढा नाद की घोड्यांवर पुस्तकही लिहिलं. नाशिकच्या चार घोड्यांबद्दल त्याचं काय मत होतं कोण जाणे!

रुळांवर घोडे कशाला, असं आजच्या वाचकाला वाटेल. त्याचं गणित सोपं आहे. खडीच्या रस्त्यावर गाडी ओढताना चाकाला जो विरोध होतो, तो लोखंडी रुळावर साधारण एक तृतीयांशावर येतो, रूळ स्वच्छ असतील तर त्याहूनही कमी. म्हणजे टांग्याचाच घोडा रुळावर तिप्पट माणसं ओढतो. मुंबईत १८७४ मध्ये ट्राम सुरू झाली ती याच हिशेबावर, आणि तिथे १९०७ मध्ये वीज येईपर्यंत घोडेच होते.

पण या गणिताला दुसरी बाजू आहे. सपाटीवर एक टन वजनाला साधारण दहा किलोच्या जोराने ओढावं लागतं असं धरा. १०० ला १ असा अगदी साधा, पायी चालताना जाणवणारही नाही असा चढ आला, की त्यात आणखी दहा किलोची भर पडते. ओढ एकदम दुप्पट. खडीच्या रस्त्यावर विरोध आधीच जास्त असतो, म्हणून तोच चढ तिथे तितका बोचत नाही. रूळ जितका गुळगुळीत, तितका चढ महाग. नाशिकहून स्टेशनकडे जायचं तर नासर्डी ओलांडल्याशिवाय गत्यंतर नाही. आज पुलावरून गाडी भुर्रकन जाते आणि आपल्याला काही कळत नाही, पण नदीच्या दोन्ही अंगांना जमीन खाली उतरते आणि परत वर चढते. रस्त्याच्या कडेने चालत जाऊन बघा, पायांना कळतं. भरलेले डबे ओढणाऱ्या घोड्यांना ते रोज कळत असणार. त्यात पावसाळ्यात रुळांवर चिखल बसला की विरोध कमी असल्याचा फायदाही गेला.

रस्त्यावरच्या ट्रामला आणखी एक दुखणं असतं, त्याबद्दल फारसं कोणी लिहीत नाही. ट्रामच्या कायद्याचा मूळ इंग्रजी साचा १८७० चा. त्यात रुळांच्या मधला रस्ता आणि दोन्ही बाजूंना अठरा-अठरा इंच रस्ता कंपनीने आपल्या खर्चाने दुरुस्त ठेवायचा, अशी अट होती. हिंदुस्थानात १८८६ मध्ये ट्रामचा स्वतंत्र कायदा झाला, त्यामागेही हाच विचार. रस्ता वापरायचा बैलगाड्यांनी, टांग्यांनी, नंतर मोटारींनी, आणि रुळांकडची खड्डेदुरुस्ती ट्रामवाल्याच्या गळ्यात. लोखंडी धावेच्या बैलगाड्या रुळाच्या कडेकडेने चालतात, कारण तिथे चाक सोपं जातं. आणि नेमकी तीच कड आधी खचते. रुळाच्या बाजूची खडी निघाली की रूळ हलतो, सांधा खाली बसतो, फिशप्लेटचे, म्हणजे दोन रूळ जोडणाऱ्या पट्ट्यांचे, बोल्ट ढिले होतात. पी-वेच्या माणसाला हे सांगायला नको. मुख्य लाईनवर निदान आपल्या रुळांवर आपलीच गाडी चालते.

आता प्लेग आणि दुष्काळाकडे येऊ. ट्राम लागोपाठच्या दुष्काळ आणि प्लेगमुळे तोट्यात गेली आणि म्हणून बंद पडली, असं कारण छापून येतं. त्यातला पहिला अर्धा भाग मला मान्य आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि पुढच्या काही वर्षांत तो रेल्वेने सगळीकडे पसरला. १८९७ च्या साथरोग कायद्याने रेल्वे प्रवाशांची स्टेशनांवर तपासणी सुरू झाली, यात्रा-जत्रांवर बंधनं आली, लोक गावं सोडून माळावर झोपड्या टाकून राहू लागले. यात्रेकरूंवर जगणाऱ्या धंद्याला याहून वाईट काय असणार? त्याच वेळी १८९६-९७ चा दुष्काळ आणि लगेच १८९९-१९०० चा छप्पनचा दुष्काळ. घोड्याच्या ट्रामला दुष्काळ दुहेरी लागतो. प्रवासी तर घटतातच, पण घोड्याचं इंधन म्हणजे चारा आणि हरभरा. दुष्काळात माणसाला दाणा मिळत नाही, तिथे घोड्याला कोणत्या भावाने मिळणार? आणि गाडी उभी असली तरी घोडा खातोच. त्या चार-पाच वर्षांत कंपनीचं कंबरडं मोडलं असेल, यात शंका नाही.

पण तारखा पाहा. हे सगळं झालं १९०० च्या आगेमागे. ट्राम बंद पडली १९३१ नंतर. तीस वर्षांपूर्वी झालेल्या आजाराने आज मृत्यू, असा दाखला कोणता डॉक्टर देईल? प्लेगने ती खंगली असेल, पण त्यानंतर तीस वर्षं ती चाललीच की. बंद पडण्याचं कारण शोधायचं तर १९२० ते १९३३ या काळात शोधायला हवं.

त्या काळात काय होतं? मोटार होती. युद्धानंतर लष्कराने काढून टाकलेल्या गाड्या आणि नव्या लॉऱ्या बाजारात आल्या. रस्ते सुधारायला १९२७ मध्ये जयकर समिती नेमली गेली आणि १९२९ मध्ये पेट्रोलवरच्या करातून रस्त्यांसाठी वेगळा निधी निघाला. त्याच वर्षी जगभर मंदी आली. १९३२ मध्ये तर मोटारींमुळे रेल्वेचं किती उत्पन्न बुडतंय हे मोजायला सरकारला मिचेल आणि कर्कनेस या दोघांना नेमावं लागलं. जीआयपीसारख्या मोठ्या रेल्वेला जी मोटार टोचत होती, ती आठ-दहा किलोमीटरच्या ट्रामला काय करत असेल? ट्राम रस्त्यावरूनच जाणार, तोच रस्ता मोटारीला फुकट मिळणार, आणि मोटार प्रवाशाला मेनरोडच्या टोकाशी न सोडता थेट पंचवटीत धर्मशाळेच्या दारात नेऊन सोडणार. ट्रामने आलेल्या म्हातारीला रामकुंडापर्यंत गाठोडं डोक्यावर घेऊनच जावं लागे.

हे फक्त नाशिकचं नाही. कानपूरची विजेची ट्राम १९०७ मध्ये सुरू झाली आणि १९३३ मध्ये बंद. आणि कॅलथ्रॉपनेच इंग्लंडात स्टॅफर्डशरमध्ये याच अडीच फुटी गेजची लीक-मॅनिफोल्ड नावाची आठेक मैलांची लाईन आखली होती. ती १९०४ मध्ये सुरू झाली आणि १९३४ मध्ये बंद पडली. तिथे ना प्लेग होता ना दुष्काळ. ती लाईन दुधावर चालायची. दूध मोटारीने जाऊ लागलं, वाटेवरची डेअरी १९३२ मध्ये बंद झाली, आणि दोन वर्षांत गाडीही थांबली. एकच इंजिनिअर, एकच गेज, जवळपास तेवढंच अंतर आणि जवळपास तेच साल. नाशिकच्या ट्रामचं खरं भावंड हे.

मग बार्शी कशी जगली? इथे उपप्रश्नाचं उत्तर आहे, आणि ते गेजमध्ये नाही. गेज तेच, अडीच फुटी. बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये कुर्डुवाडी, म्हणजे तेव्हाचं बार्शी रोड, ते बार्शी अशी सुरू झाली. कॅलथ्रॉपने तिथे एक नियम धरला की एका आसावर, म्हणजे चाकांच्या एका जोडीवर, पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही. भार चार चाकांवर न ठेवता जास्त आसांवर वाटायचा. त्यासाठी आठ चालती चाकं असलेली किटसन कंपनीची इंजिनं आणि लांब बोगी डबे बनवून घेतले. त्यामुळे हलक्या रुळांवरही भरपूर माल जाऊ लागला. पी-वेच्या दृष्टीने हे फार देखणं काम आहे, आजही मनापासून दाद द्यावी असं. पण नुसत्या देखण्या कामावर लाईन जगत नाही. बार्शी जगली ती अंतरावर आणि कापसावर.

छोटी लाईन आणि मोठी लाईन जिथे भेटतात तिथे प्रत्येक पोतं हमालाच्या पाठीवरून एका वाघिणीतून, म्हणजे मालडब्यातून, दुसरीत जातं. हा खर्च अंतर पाच मैल असो की पन्नास, सारखाच. बैलगाडी तासाला तीन-चार किलोमीटर चालते. कुर्डुवाडीहून बार्शी म्हणजे पस्तीसेक किलोमीटर, बैलांचा पुरता एक दिवस, बहुधा मुक्कामही. तिथे हमालीचे पैसे देऊनही रेल्वे परवडते. नाशिकरोडहून मेनरोड म्हणजे बैलांचे अडीच तास. तांबट आळीतल्या व्यापाऱ्याने मुंबईहून तांब्या-पितळेचे पत्रे मागवले, तर ते स्टेशनच्या यार्डात बैलगाडीवर टाकले की थेट दुकानासमोर. तेच ट्रामने आणायचे तर वाघिणीतून फलाटावर, फलाटावरून ट्रामवर, मेनरोडला उतरवून पुन्हा हातगाडीवर. तीनदा हमाली. कोण करेल? तयार भांडी बाहेर पाठवतानाही तेच.

आणि जिल्ह्याचा खरा माल तर ट्रामच्या वाटेवर नव्हताच. निफाड, लासलगाव, मनमाड ही बाजाराची गावं मुख्य लाईनवरच. तिथल्या शेतकऱ्याला नाशिक शहरात यायचं कारणच नव्हतं. लष्कराची ये-जा देवळाली स्टेशनावर. ट्रामच्या वाट्याला राहिले फक्त यात्रेकरू आणि कोर्टकचेरीला येणारे. यात्रेकरू सिंहस्थात, रामनवमीला, ग्रहणाला लोटतात आणि एरवी डबे रिकामे. घोडे मात्र बारा महिने पोसायचे. बार्शीलाही यात्रेकरू होते, ती १९०६ मध्ये पंढरपुरापर्यंत पोचली होती. पण आषाढी संपली की तिच्याकडे कापूस होता, १९११ पासून लातूरची पेठ होती, १९२७ मध्ये तर ती मिरजेपर्यंत गेली. सगळी मिळून तीनशेहून जास्त किलोमीटर. १९५४ मध्ये सरकारने ती ताब्यात घेतली आणि २००० नंतरच्या दशकात टप्प्याटप्प्याने ब्रॉडगेज झाली. आपल्या शेजारी खानदेशात पाचोरा-जामनेरची पीजे बघा. तीही अडीच फुटी, ५६ किलोमीटर, आणि २०२० पर्यंत धावली. आठ किलोमीटरची ट्राम त्या यादीत कधीच बसणारी नव्हती.

वाईट एवढ्याचंच वाटतं की ट्रामची वेळ चुकली. सिक्युरिटी प्रेस नाशिकरोडला सुरू झाला १९२५ मध्ये आणि नोटांचा छापखाना १९२८ मध्ये. म्हणजे ज्या टोकाला इतकी वर्षं फक्त स्टेशन आणि झाडी होती, तिथे कामगारांची वस्ती नुकती वाढायला लागली होती. रोज येणारा-जाणारा, तीर्थाशी संबंध नसलेला प्रवासी पहिल्यांदाच तयार होत होता. पण तोवर त्याच्यासाठी मोटार उभी होती, आणि चाळीस वर्षांचे झिजलेले रूळ बदलायला पैसे घालणारा कोणी नव्हता. रूळ बदलायची वेळ येते तेव्हाच अशा लाईनींचा निकाल लागतो. रोजचा तोटा मालक कसाबसा सोसतो, पण नव्या रुळांचं कोटेशन समोर आलं की हिशेबाची वही मिटते. नाशिकच्या कंपनीतही असंच झालं असणार, असा माझा अंदाज आहे. चाळीस वर्षं हे रस्त्यातल्या हलक्या रुळांचं वय फार झालं.

त्र्यंबकपर्यंत नेली असती तर वाचली असती का, असंही गप्पांमध्ये विचारलं जातं. अंतर जवळपास तीस किलोमीटर, म्हणजे बार्शीच्या पहिल्या टप्प्याच्या तोडीचं. यात्रेकरू नक्की मिळाले असते, कारण नाशिकला आलेला माणूस त्र्यंबकला जातोच. भात आणि लाकूडही थोडंफार मिळालं असतं. तरी मला वाटतं, दहा-पंधरा वर्षं वाढली असती, जास्त नाही. त्र्यंबकच्या बाजूला लातूरसारखी पेठ नाही, पुढे डोंगर आहेत, आणि घोड्यांवर ते अंतर झेपलंच नसतं.

राहिला फोटोंचा मुद्दा. 'नाशिकची ट्राम' म्हणून जे जुने फोटो फिरतात त्यातले बरेच मुंबईचे असतात. ओळखायच्या खुणा सांगतो. डब्याच्या वरून विजेची तार गेली असेल किंवा डबा दुमजली असेल, तर तो फोटो बाजूला ठेवा. मुंबईत विजेची ट्राम १९०७ पासून आणि दुमजली १९२० पासून होती. नुसते घोडे दिसत असतील तर रुळांकडे बघा. मुंबईच्या ट्रामचं गेज १४३५ मिलिमीटर, म्हणजे नाशिकच्या जवळजवळ दुप्पट. अडीच फुटी गेजच्या रुळांमधलं अंतर चालत्या माणसाच्या जेमतेम एका पावलाएवढं असतं, आणि डब्याचा बराचसा भाग रुळांच्या बाहेर दोन्हीकडे लोंबतो. समोरून काढलेला फोटो असेल तर चाकं डब्याच्या पोटाखाली अगदी आत गेलेली दिसतात. मुंबईच्या फोटोत ती कडेच्या बरीच जवळ असतात.

आणि नाशिकसाठी आखलेल्या मेट्रो निओबद्दलही विचारतात म्हणून दोन वाक्यं. २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तिच्यासाठी २,०९२ कोटी रुपये जाहीर झाले, आणि त्या आराखड्यातला मुख्य मार्ग गंगापूर ते नाशिकरोड होता. ती रबरी टायरवर, उन्नत मार्गावर आणि वरच्या तारेतून वीज घेऊन चालायची होती, म्हणजे रूळ, सांधे आणि गिट्टी यातलं काहीच नाही. माझ्यासारख्याला तिथे नोकरी मिळाली नसती, पण आता त्या रस्त्यावर रोज ये-जा करणारा प्रवासी आहे, आणि तो सिंहस्थाची वाट बघत बसत नाही.